पेटी, वळकटी आणि तांब्या



परीक्षांचे निकाल लागतात, दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाच्या पहिल्या सरी उतरतात, आणि त्या सुमारास सिल्वासातील पुष्कळ घरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी पुढील शिक्षणासाठी मुंबईस, पुण्यास अथवा सुरतेस जावयाची, वसतिगृहात राहावयाचे, तर बरोबर काय काय द्यावे? आई लोणच्याची बरणी काढून ठेवते. वडील बरणीकडे पाहून वजनाचा हिशेब करतात, कारण वापीच्या स्थानकावर गाडी थांबते ती काही आपल्या सोयीने नव्हे. आजीला जाड गोधडी दिल्यावाचून चैन पडत नाही. ज्याला जावयाचे तो मात्र मोबाइलचा चार्जर आणि दोन नव्या कपड्यांच्या जोड्या एवढ्यावरच संतुष्ट असतो. रेल्वेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या उतारूला ३५ किलो सामान मोफत नेता येते. परंतु या ३५ किलोंत घरातील चार माणसांची चार मते बसवावयाची, हे काम सोपे नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा घरगुती प्रश्नात का पडावे, असे आपणांस वाटेल. सनदा, तहनामे, बखरी ही आमची साधने. विद्यार्थ्याची ट्रंक हे काही त्यांतले साधन नव्हे. तथापि जरा विचार केला तर दिसेल, की घर सोडून निघालेल्या मुलाच्या सामानाइतका प्रामाणिक कागद दुसरा मिळणे कठीण. ज्या गोष्टी मुक्कामी मिळणार नाहीत अशी घराला भीती वाटते, त्याच पेटीत पडतात. म्हणून पेटी उघडून पाहिली, की त्या काळचे वसतिगृह कसे होते, आणि त्याच्यावर घराचा भरवसा किती होता, हे दोन्ही कळते. आज या दृष्टीने काही पेट्या उघडून पाहू.

प्रारंभ सिल्वासापासूनच केलेला बरा. लोक बोलताना ज्याला सेलवास म्हणतात, ते हे गाव पोर्तुगीजांकडे गेले ते मराठ्यांच्या तहाने. मराठ्यांच्या आरमाराने पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाचे प्रकरण आणि १७७९ चा मैत्रीचा तह यांतून नगर हवेलीचा परगणा १७८३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आला; दादरा १७८५ साली त्यांनी घेतले. पेशव्यांनी दिला होता तो महसूल, म्हणजे गावांचे उत्पन्न; त्याचे पुढे राज्य झाले, आणि ते पावणेदोनशे वर्षे टिकले. या राज्याची गंमत अशी, की त्याला समुद्र नव्हता. दमणहून दादऱ्यास यावयाचे तरी मध्ये हिंदुस्थानची भूमी, आणि दादऱ्याहून नगर हवेलीत शिरावयाचे तरी पुन्हा हिंदुस्थानचीच भूमी. परगण्यात महाविद्यालय नव्हते. ज्याला शिकावयाचे त्याला हद्द ओलांडणे भागच होते, आणि हद्द म्हटली की जकात आली, चौकी आली, पेटीचे झाकण उघडणे आले.

१९५४ च्या जुलै महिन्यात दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्ट रोजी स्वयंसेवक सिल्वासात शिरले. त्या मोहिमेची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे; ती आज सांगावयाची नाही. परंतु पोर्तुगालने त्यानंतर जो दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावला, त्यातील एक तपशील आपल्या विषयाला फार जवळचा आहे. दावा होता दमणपासून या परगण्यांपर्यंत भारताच्या भूमीतून जाण्यायेण्याच्या हक्काचा. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायमूर्तींनी मार्गक्रमणाचे दोन भाग पाडले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाऊ देण्याची रूढी जुनी आहे व ती बंधनकारक होती, असे त्यांनी अकरा विरुद्ध चार मतांनी ठरविले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना मात्र असा हक्क नव्हता. आणि १९५४ साली भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असाही निर्णय बहुमताने झाला. मोठमोठ्या वकिलांनी महिनोगणती भांडून जी रेघ ओढली, तिच्या एका बाजूस बंदूक होती आणि दुसऱ्या बाजूस सर्वसाधारण माल. विद्यार्थ्याची ट्रंक या दुसऱ्या बाजूची. वळकटीचा एवढा सन्मान जगाच्या दुसऱ्या कोणत्या न्यायालयात झाला असेल असे मला वाटत नाही! ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतात रीतसर समाविष्ट झाली, आणि पेटी उघडून दाखविण्याचा प्रसंग कायमचा संपला.

परंतु पेटी तपासणारी चौकी काही केवळ राज्याच्याच हद्दीवर असते असे नाही. समाजाच्याही चौक्या असतात, आणि त्या अधिक कडक असतात.

आपल्याकडील जुना विद्यार्थी पेटी घेऊन निघतच नसे. तो निघे तो पंचा, झोळी आणि तांब्या घेऊन. आठवड्याचे सात वार सात घरी लावावयाचे, अथवा माधुकरी मागावयाची, आणि कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकावयाची. या पद्धतीचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. तिने अनेक गरिबांची मुले विद्वान केली हे खरेच आहे; पण ती कोणत्या गरिबांची, हेही विचारले पाहिजे. ज्याला ओसरीवर चढता येत होते त्याचीच झोळी भरत होती. तांब्या ही वस्तू तर विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पाणी सगळीकडे होते, पण ते कोणाच्या भांड्यातून प्यावयाचे हा प्रश्न होता. म्हणून प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाच्या हातात प्रथम तांब्या आला, पुस्तक त्यानंतर.

नव्या शिक्षणाबरोबर वसतिगृह आले, तेव्हा हे सोवळेओवळे काही दाराबाहेर राहिले नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज १८६८ साली येरवड्याच्या बाजूस आपल्या नव्या इमारतीत गेले आणि तेथेच विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय झाली. १८७३ साली बाळ गंगाधर टिळक नावाचा विद्यार्थी तेथे दाखल झाला. त्याची खोली पुढे स्मारक म्हणून जपण्यात आली. या विद्यार्थ्याच्या सामानाविषयी चरित्रकारांनी ज्या आठवणी नोंदविल्या आहेत, त्या मोठ्या बोलक्या आहेत. जेवणाच्या वेळी रेशमी सोवळे नेसण्याचा त्याचा बाणा होता. म्हणजे मुकटा हा त्याच्या सामानातील आवश्यक जिन्नस. उलट, सोबत्यांच्या खोल्यांतून निघणाऱ्या औषधांच्या आणि शक्तिवर्धक अर्कांच्या बाटल्यांवर त्याचा मोठा राग. अशा बाटल्या तो खुशाल फेकून देई आणि आपल्याबरोबर तालमीत चल म्हणून सांगे. पहिले वर्षच त्याने शरीर कमावण्यात घालविले होते, त्यामुळे प्रतिवाद करण्यास कोणी धजावत नसे. आज वसतिगृहात जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत काळजीवाहू आई औषधांची जी डबी घालते, तिचे भवितव्य १८७३ साली फारसे उज्ज्वल नव्हते.

त्यानंतर दहा वर्षांनी एक सामान कलकत्त्याच्या धक्क्यावरून अमेरिकेच्या वाटेला लागले. ते आनंदीबाई जोशी यांचे. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या निघाल्या, तेव्हा वय अवघे अठरा वर्षांचे. आपण हिंदू स्त्री म्हणून जाऊ आणि हिंदू स्त्री म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले होते. या निश्चयाचा अर्थ सामानाच्या भाषेत असा होता, की फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याला लुगड्याने तोंड द्यावयाचे. तेथे खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. पेटविली तर धूर कोंडे, विझविली तर थंडी. तेव्हा त्यांनी एक तोड काढली. मराठी पद्धतीच्या नेसण्यात पायांच्या पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. वस्त्र तेच, तऱ्हा निराळी. आणि यासाठी त्यांना पतीला पत्राने समजावून सांगावे लागले. दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकण जेथे एकमेकांत मिसळतात, त्या सिल्वासाच्या बायकांना यात नवल वाटणार नाही. पण पुण्यामुंबईच्या तत्कालीन समाजाला ही लहान गोष्ट नव्हती. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. त्या थंड खोलीचा वाटा या अकाली मृत्यूत किती, याचा हिशेब कोणी मांडावयाचा?

आता तिसरी पेटी. ही उघडताना मन थोडे घट्ट करावे लागते.

१९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण मानवेना, म्हणून जागा बदलली. अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती, त्याला येथे खोली मिळाली, मेज मिळाले, शेजार मिळाला. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारात पुस्तके घेतली. ती सुमारे दोन हजार झाली. आपण वसतिगृहात नेण्याच्या सामानाची चर्चा करतो. वसतिगृहातून परत आणावयाचे सामान कोणते, हा प्रश्न आपल्याला फारसा सुचत नाही. आंबेडकरांचे उत्तर पुस्तके हे होते. परंतु त्या दोन हजारांपैकी पुष्कळशी पुस्तके स्वदेशी पोहोचलीच नाहीत. पुढे १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी आपले सामान निराळ्या बोटीने पाठविले. महायुद्धाचे दिवस, पाणतीर लागून ती बोट बुडाली. टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये भरपाई आली, आणि त्या पैशांच्या आधारावर ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास गेले.

वापीवरून जाणारा जो लोहमार्ग आहे, त्याच मार्गाने पुढे बडोदे लागते. तेथे या विद्वानाला राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. एका पारशी पथिकाश्रमात, पारशी नाव लावून, ते दिवस काढू लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले, आणि त्यांना जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे विचारून पाहिले; दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. पुढे त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदविला आहे. काय न्यावे, काय न्यावे म्हणून आपण दहा याद्या करतो. या माणसाजवळ दोन खंडांतील विद्या होती आणि ती ठेवावयाला चार भिंती नव्हत्या.

याच काळात महाराष्ट्रात काही माणसे या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने भिडत होती. मुलाने काय आणावे हे विचारण्यापेक्षा, ज्याच्याजवळ आणावयास काहीच नाही त्याला काय द्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले, आणि नंतर एकेका समाजासाठी एकेक करीत त्यांच्या हयातीत वीसाहून अधिक वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. वसतिगृहांची जननी असे कोल्हापूरचे नावच पडले. प्रत्येक जातीसाठी निराळे वसतिगृह ही व्यवस्था आज आपणांस खटकेल. पण ओसरीवरच चढू न दिलेल्या मुलाला आधी छप्पर तर मिळाले पाहिजे, असे महाराजांचे गणित होते, आणि त्या काळापुरते ते चुकीचे होते असे मला वाटत नाही.

त्याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहत होता. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्या समारंभास तो गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध हो, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते नाकारले, आणि अखेर त्याला ते वसतिगृह सोडावे लागले. पेटी उचलून बाहेर पडलेला हा मुलगा पुढे कर्मवीर झाला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली; १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह सुरू केले, की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत आणि स्वतःच स्वयंपाक करीत. १९२७ साली गांधीजी तेथे आले आणि त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. या वसतिगृहात मुलांनी काय आणले याची यादी नाही. लक्ष्मीबाई पाटलांनी काय दिले, ते मात्र महाराष्ट्राला ठाऊक आहे: एकेक करून अंगावरचे दागिने, आणि धान्य संपले तेव्हा गळ्यातील मंगळसूत्रही. आईने पेटीत लाडवांचा डबा घालावा, ही आपली समजूत. येथे दुसऱ्यांच्या मुलांसाठी एका बाईने आपली पेटीच रिकामी केली.

सिल्वासाच्या बाबतीत हा इतिहास आणखी एका वळणाने जवळ येतो. २०११ च्या खानेसुमारीत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या सुमारे ३ लाख ४३ हजार होती, आणि तीत निम्म्याहून अधिक आदिवासी: वारली, कोकणा, धोडिया आणि इतर. वारल्याच्या घरात पेटी ही वस्तूच पूर्वी कोठे होती? कणग्या होत्या, टोपल्या होत्या, सुपे होती. शेजारच्याच, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीस १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की मूल शाळेत येत नाही, कारण ते गुरांमागे रानात असते. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. सामान मुलाने वाहावयाचे नाही, ते शाळेने वाहावयाचे, ही कल्पना आपल्या शिक्षणाच्या इतिहासात मला फार मोलाची वाटते. तिची वाखाणणी झाली, पण अनुकरण त्या मानाने थोडे झाले.

आता काळ पालटला आहे. सिल्वासात महाविद्यालये निघाली. २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही चालू आहे. पूर्वी पेट्या फक्त बाहेर जात. आता परगावच्या पेट्या सिल्वासात येऊन उतरतात. पत्र्याची ट्रंक गेली, झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव घालण्याची चाल गेली, सतरंजीत गुंडाळून दोरीने बांधलेली वळकटी गेली. तिच्या जागी चाके लावलेली बॅग आली. कंदील गेला. वातीचा स्टोव्ह गेला, आणि त्याबरोबर खोलीत चोरून शिजविलेल्या खिचडीचा वासही गेला. बहुतेक वसतिगृहांत खाट, गादी, मेज आणि जेवण यांची व्यवस्था असते. तांब्याचे काम बाटलीने पत्करले, आणि ती बाटली खोलीतील चौघे तोंडाला लावतात. शंभर वर्षांच्या समाजसुधारणेचा एवढा स्वस्त आणि एवढा स्पष्ट पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

मात्र एक नवा जिन्नस पेटीत आला आहे, आणि तो सर्वांत जड आहे. तो म्हणजे कागदांची पिशवी. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारपत्र, बँकेचे पुस्तक, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीव यांच्याशी एक झाला, आणि त्याचे नाव इतके लांबले, की अर्जातील चौकोनात ते मावत नाही. आदिवासी मुलाच्या शिष्यवृत्तीची सारी भिस्त या पिशवीवर असते. गोधडी विसरली तर एक रात्र थंडी वाजेल. दाखला विसरला तर वर्ष जाऊ शकते. म्हणून कोणी मला सल्ला विचारलाच, तर कागद प्रथम, आणि तेही मेणकापडात गुंडाळून, कारण जूनचा पाऊस दाखल्यावरचा शिक्का ओळखत नाही.

त्याखालोखाल घरचे थोडे पीठ. खानवेलच्या बाजूची मुलगी शहरात गेली, की महिन्याभरात तिला नागलीच्या भाकरीची आठवण येते, आणि ती आठवण सोबतिणींपुढे बोलून दाखविण्याचा तिला संकोच वाटतो. हा संकोच म्हणजे मी मघाशी म्हटलेल्या चौक्यांपैकीच शिल्लक राहिलेली एक चौकी. शेजारच्या खाटेखालची महागडी बॅग पाहून आपली पिशवी आत सारणारी मुले प्रत्येक वसतिगृहात असतात. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्वांना एकच पंगत आणि एकच काम होते, त्यामागे हेही एक कारण होते.

आणि वसतिगृहे चालविणाऱ्यांना एक विनंती. आपण काय पुरवितो आणि काय पुरवीत नाही, याची एक साधी यादी त्यांनी प्रवेशपत्राबरोबरच धाडावी. मराठीत, गुजरातीत, जेथे जी भाषा घरात वाचली जात असेल तीत. कितीतरी घरे केवळ माहीत नसल्यामुळे जूनच्या तोंडावर उसनवारी करून गादी, चादर, बादली विकत घेतात, आणि मुलगा तेथे पोहोचल्यावर कळते की या वस्तू खोलीत आधीच होत्या. ही यादी वेळेवर आली, आणि ती वाचून आईने घरातील एकुलती चांगली सतरंजी पेटीबाहेर काढून ठेवली, तर या पावसाळ्यात ती धाकट्या भावंडांच्या अंगाखाली राहील.